चेहरा नवा, हिशेब जुना

५ नोव्हेंबर १९६६. बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा-मालिका चालू आहे. बेन नावाचा एक तरुण खलाशी समोरच्या माणसापुढे एक अंगठी धरतो. मालिकेचा नायक डॉक्टर याच्या बोटात ही अंगठी कायम असायची. तू खरंच डॉक्टर असशील तर ती तुला बसायला हवी, असा त्याचा सरळ सवाल. अंगठी बसत नाही. आदल्याच आठवड्यात पिकल्या केसांचा, तिरसट म्हातारा डॉक्टर, म्हणजे विल्यम हार्टनेल, आपल्या यानात कोसळला होता. पडदाभर उजेड पसरला, ओसरला, आणि त्याच जागी पॅट्रिक ट्रॉटन हा ठेंगणा, काळ्या केसांचा वेगळाच नट पडलेला दिसला. बेन आणि त्याची सोबतीण पॉली यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. पॉलीचा त्यावर विश्वास बसतो, बेनचा बसत नाही. आणि नव्या माणसाला स्वतःला सिद्ध करण्याची कसलीच घाई नाही. तो आरशात चेहरा न्याहाळतो, पावा वाजवतो, आणि डॉक्टर कुणी तिऱ्हाईत असावा तसा त्याच्याबद्दल बोलतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या प्रत्येक विज्ञानकथा-मालिकेला बेनच्या या प्रश्नाला कधी ना कधी तोंड द्यावं लागलं आहे. नट म्हातारे होतात, आजारी पडतात, भांडून निघून जातात, मरतात. पात्र मात्र पुढच्या पर्वात हवं असतं. मग नव्या चेहऱ्याचा माणूस 'तोच' आहे हे प्रेक्षकाने कशावरून मानायचं? गेल्या साठ वर्षांत याची जी उत्तरं शोधली गेली त्यांचा हा आढावा आहे, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. लेखकाने पुरवलेलं शास्त्रीय स्पष्टीकरण फारसं कामाला येत नाही. नव्या माणसाला जुन्या ओळखीचं कुणी स्वीकारतं का किंवा नाकारतं का, आणि जुन्या शरीराने केलेली देणी-घेणी या नव्या शरीराकडे येतात का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

नाटकाच्या प्रेक्षकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भटांनी केले. लोकांनी दोघांची तुलना जरूर केली, पण बेलवलकर बदलले असं कुणी म्हटलं नाही. तिथे प्रत्येक प्रयोग पहिल्यापासून सुरू होतो आणि त्याच रात्री संपतो. मालिकेत काल घडलेलं आज खरं असतं. शिवाय ते चित्रित होऊन कायमचं राहतं. कौटुंबिक मालिकेत एक दिवस नवी अभिनेत्री त्याच साडीत, त्याच स्वयंपाकघरात उभी राहते, प्रेक्षक आठवडाभर कुरकुरतो आणि मग सवय होते. विज्ञानकथेचा प्रेक्षक इतक्यावर समाधान मानत नाही. या जगाला नियम आहेत असं वचन त्याला पहिल्याच भागात मिळालेलं असतं, आणि तो ते वचन पाळायला लावतो.

'डॉक्टर हू'च्या कर्त्यांनी चेहरा बदलण्याचा नियम आधी आखून मग नट बदलला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात गरज आधी आली. हार्टनेलना धमनीकाठिण्य झालं होतं, संवाद लक्षात राहत नव्हते, कामाचा ताण झेपत नव्हता. त्याच वर्षी आधीच्या एका कथेत खलनायक डॉक्टरला अदृश्य करतो आणि परत आणताना दुसराच चेहरा देतो, असा बेत शिजला होता. वरिष्ठांनी तो हाणून पाडला. ते बरंच झालं. नाहीतर चेहरा बदलणं ही एका दुष्टाची एकदाची करामत ठरली असती. निर्माते इनस लॉइड आणि संहिता-संपादक गेरी डेव्हिस यांच्या काळात ती डॉक्टरच्या देहाचीच प्रकृती झाली. नियम मात्र तुकड्यातुकड्यांनी आले. १९६९ मध्ये ट्रॉटनचा चेहरा गेला तो डॉक्टरच्या जातभाईंनी दिलेली शिक्षा म्हणून. या प्रक्रियेला 'रिजनरेशन' हे नाव मिळालं ते १९७४ मध्ये, जॉन पर्टवीच्या जागी टॉम बेकर आला तेव्हा. हे बारा वेळाच होऊ शकतं अशी मर्यादा १९७६ मध्ये घातली गेली आणि २०१३ मध्ये तिच्यातून वाटही काढली गेली.

म्हणजे १९६६ च्या त्या शनिवारी प्रेक्षकाला समजावून सांगण्यासारखं लेखकाच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. असं असूनही ती कथा तग धरते, याचं श्रेय तिच्या मांडणीला आहे. नव्या माणसापुढे तिने तीन परीक्षक बसवले. पॉली मायेने मान्य करते. बेन पुरावा मागतो. आणि तिसरा परीक्षक आहे एक डालेक, डॉक्टरचा हाडवैरी. माणसांच्या वसाहतीत तो निरुपद्रवी नोकर असल्याचं सोंग करतो आहे, पण त्याची दृष्टी या नव्या चेहऱ्यावर खिळते आणि तो त्याला ओळखतो. तिथे वाद मिटतो. मित्राच्या ओळखण्यात माया मिसळलेली असू शकते. वैऱ्याला खोटं ओळखून काही मिळायचं नसतं. जुनं वैर या देहाकडे चालत आलं, म्हणजे हा तोच. खेदाची गोष्ट अशी की 'द पॉवर ऑफ द डालेक्स' या कथेच्या सहाही भागांची चित्रफीत बीबीसीच्या संग्रहातून नाहीशी झाली आहे. चाहत्यांनी घरी टेपवर ध्वनी उतरवून घेतला होता म्हणून संवाद वाचले आणि २०१६ मध्ये त्यावर अ‍ॅनिमेशन करता आलं. मालिकेच्या इतिहासातला सगळ्यात नाजूक नटबदल आज आपण मुख्यतः कानांनी अनुभवतो, आणि तरीही तो पटतो.

स्पष्टीकरण गौण असतं याचा पुरावा याच मालिकेत आणखी एके ठिकाणी सापडतो. १९८३ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त 'द फाइव्ह डॉक्टर्स' हा विशेष भाग झाला. हार्टनेल १९७५ मध्ये वारले होते. पहिल्या डॉक्टरची भूमिका रिचर्ड हर्नडल यांनी केली. इथे रिजनरेशनची पळवाट नव्हती. तोच डॉक्टर, तेच शरीर, आणि नट दुसरा. कर्त्यांनी दोन गोष्टी केल्या. सुरुवातीलाच हार्टनेल यांचं जुनं चित्रण दाखवलं, नात सूझनचा निरोप घेतानाचं. म्हणजे मूळ माणूस कोण होता ते झाकलं नाही. आणि कथेत हर्नडलची पहिली गाठ त्याच सूझनशी घालून दिली. कॅरोल अ‍ॅन फोर्ड ही मूळ अभिनेत्रीच त्या भूमिकेत होती. चकचकीत आरशांच्या बोळातून मागे डालेक लागलेला असताना ती आजोबांना हाक मारते, आणि प्रेक्षकाला दुसऱ्या कुठल्या दाखल्याची गरज उरत नाही. पुढे २०१७ मध्ये डेव्हिड ब्रॅडली यांनी हाच पहिला डॉक्टर केला. एका देहाला तीन चेहरे झाले, आणि मालिकेने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

याउलट नियम हाताशी असूनही फसलेला प्रसंग १९८७ चा. कॉलिन बेकर यांना आदल्या वर्षी भूमिकेवरून काढलं गेलं. फक्त मरण्याचा एक प्रसंग करायला पुन्हा या, ही विनंती त्यांनी नाकारली. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. मग नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनीच कुरळ्या सोनेरी केसांचा टोप घालून जमिनीवर पालथं पडायचं, कुणीतरी त्यांना उलटं करायचं, आणि चेहरा धूसर करून बदल दाखवायचा असं ठरलं. शास्त्र जागच्या जागी होतं. पण जाणाऱ्याने निरोप घेतला नाही, येणाऱ्याने काही स्वीकारलं नाही, आणि आधीच्या डॉक्टरच्या आयुष्यातलं काहीच पुढे आलं नाही. तो प्रसंग आजही पाहवत नाही.

खलनायकाच्या बाबतीत या मालिकेने अधिक धीर धरला. मास्टरची भूमिका करणारे रॉजर डेलगाडो १९७३ मध्ये तुर्कस्तानात चित्रीकरणासाठी गेले असताना मोटार अपघातात गेले. तीन वर्षं त्या पात्राला हात लावला गेला नाही. १९७६ मध्ये मास्टर परतला तो सडत चाललेल्या, ओळखू न येणाऱ्या देहात, फक्त डॉक्टरच्या द्वेषावर तगून. पुढे अँथनी एन्ली, एरिक रॉबर्ट्स, डेरेक जेकबी, जॉन सिम, मग मिशेल गोमेझ, आणि २०२० पासून सचा धवन. यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१७ चा प्रसंग. सिमचा मास्टर आणि गोमेझची मिसी, म्हणजे त्याच माणसाचं पुढचं रूप, समोरासमोर येतात. तिला आता डॉक्टरच्या बाजूने उभं राहायचं आहे. त्याला आपलं भविष्य असं वागणार हे सहन होत नाही. ती त्याला सुरा मारते, तो पाठीमागून तिच्यावर शस्त्र चालवतो. चेहरा बदलला तरी माणूस स्वतःच्या भूतकाळातून सुटत नाही, हे इतकं उघड करून याआधी ही मालिका क्वचितच बोलली असेल.

इथे भारताशी असलेला एक धागा सांगायला हवा. १९६३ साली मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौचे, १९३८ चा जन्म. मालिकेच्या जन्मकथेवर २०१३ मध्ये बीबीसीने जो दूरचित्रपट केला त्यात वारिस यांची भूमिका सचा धवन यांनी केली आणि हार्टनेल यांची डेव्हिड ब्रॅडली यांनी. दोघेही पुढे मूळ मालिकेतच दाखल झाले, एक मास्टर म्हणून आणि एक डॉक्टर म्हणून.

अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'कडे असला हुकमी नियम नव्हता. तिथे दोन पद्धती दिसतात. एक म्हणजे सरळ दुसऱ्या नटाला उभं करायचं आणि पुढे जायचं. साविक ही व्हल्कन अधिकारी १९८२ च्या चित्रपटात कर्स्टी अ‍ॅलीने केली, १९८४ च्या चित्रपटात रॉबिन कर्टिसने. कुणी काही बोललं नाही. भूमिका अजून पुरती रुजली नव्हती, त्यामुळे फार बिघडलंही नाही. दुसरी पद्धत अधिक कल्पक, आणि ती निव्वळ अडचणीतून सुचली.

योगायोग असा की बेन अंगठी पारखत होता त्याच महिन्यात अमेरिकन टीव्हीवर क्रिस्टोफर पाइकचं दुसरं रूप दिसलं. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या, तेव्हा नाकारल्या गेलेल्या नमुना-भागात जेफ्री हंटर हे कप्तान पाइक होते. ते चित्रीकरण वाया घालवणं परवडणारं नव्हतं, आणि हंटर परत आले नव्हते. तेव्हा 'द मेनेजरी' या दुहेरी कथेत पाइक अपघातात होरपळलेला दाखवला गेला. खुर्चीत जखडलेला, बोलता न येणारा, दिवा उघडझाप करून फक्त होकार-नकार देणारा. व्रणांच्या रंगभूषेखाली शॉन केनी हा दुसराच नट होता. त्या पाइकला एका दूरच्या ग्रहावर पोचवण्यासाठी स्पॉक बंड करतो, देहदंडाची जोखीम पत्करतो. का? आपण कधीकाळी याच्या हाताखाली होतो, एवढंच कारण त्या भागात मिळतं.

ही उधारी पन्नासहून अधिक वर्षं तशीच पडून होती. २०१९ मध्ये 'डिस्कव्हरी'त आणि २०२२ पासून 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये अ‍ॅन्सन माउंट पाइक झाले, ईथन पेक स्पॉक झाले. एका भागाच्या सुरुवातीला तर साठच्या दशकातलं मूळ चित्रण जसंच्या तसं दाखवून त्याला हे नवे चेहरे जोडले. माउंट हंटरसारखे दिसत नाहीत, बोलत नाहीत. पण त्यांच्या पाइकला ती खुर्ची भविष्यात दिसलेली आहे. आपण कुठल्या अपघाताकडे चाललो आहोत हे ठाऊक असूनही तो ती वाट सोडत नाही, कारण सोडली तर किंमत दुसरं कुणी मोजेल. स्वयंपाक करून सहकाऱ्यांना जेवू घालणारा हा कप्तान पाहताना त्या खुर्चीतल्या माणसाचं मौन नव्याने कळतं, आणि स्पॉकच्या बंडाचं कारणही. नव्या नटाने जुन्या नटाची नक्कल केली नाही. जुन्या कथेने मागे ठेवलेलं देणं फेडायला घेतलं.

२००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटाने वेगळा मार्ग निवडला. काळाचा प्रवाह फुटला, दुसरं विश्व झालं, म्हणून कर्क, स्पॉक, मकॉय सगळे नवे. तर्काला बाध नाही. शिवाय लेनर्ड निमॉय यांचा वृद्ध स्पॉक झॅकरी क्विंटोच्या तरुण स्पॉकला भेटतो, आणि तो प्रसंग चित्रपटाचा प्राण आहे. पण या स्पष्टीकरणाने एक गोष्ट हिरावून घेतली. हे लोक तेच नाहीत, असं कथाच सांगून मोकळी झाली. २०१३ च्या पुढच्या चित्रपटात किरणोत्सर्गाने भरलेल्या दालनात काचेपलीकडे मित्र मरतो तो १९८२ चा प्रसंग पुन्हा रचला, फक्त मरणारा आणि पाहणारा यांची अदलाबदल केली. १९८२ मध्ये त्या काचेच्या दोन बाजूंना पंधरा वर्षांहून अधिक काळाची सोबत उभी होती. २०१३ च्या दोघांची ओळख एका चित्रपटापुरती. अश्रू उसने होते.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेने केला, आणि तोही नट बदलण्याची वेळ येण्याच्या पाच वर्षं आधी. डॅक्स हा एक जीव आहे, माणसासारख्या दिसणाऱ्या ट्रिल लोकांच्या पोटात राहणारा. यजमान मेला की तो दुसऱ्याच्या शरीरात जातो, आणि आधीच्या सगळ्यांच्या आठवणी बरोबर नेतो. जॅडझिया ही त्याची आठवी यजमान. टेरी फॅरेल या अभिनेत्रीने ती केली. १९९३ च्या पहिल्याच पर्वात 'डॅक्स' नावाचा एक भाग आहे. तीस वर्षांपूर्वी एका सेनापतीचा विश्वासघात करून त्याचा जीव घेतल्याचा आरोप आधीच्या यजमानावर, कर्झनवर आहे. कर्झन तर मेला. मग जॅडझियाला पकडायचं का? तिची आठवण तीच, पण शरीर वेगळं, स्वभाव वेगळा, गुन्ह्याच्या वेळी तिचा जन्मही झालेला नव्हता. जवळजवळ सबंध भाग एका साध्या दालनात, शंभर वर्षांच्या एका न्यायाधीश बाईंसमोर चालतो. एक बाजू म्हणते, मीठ पाण्यात विरघळलं तरी मीठच. दुसरी म्हणते, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, एकीच्या पापाची शिक्षा दुसरीला कशी देता?

निकाल लागतच नाही. सेनापतीची विधवा येऊन सांगते की त्या रात्री कर्झन माझ्याजवळ होता. खटला कोसळतो. पण उत्तर आपल्याला मिळून गेलेलं असतं, कारण हे सत्य जॅडझियाला सुरुवातीपासून ठाऊक होतं आणि त्या बाईची अब्रू राखायला ती प्राण गेला तरी बोलणार नव्हती. कर्झनने दिलेला शब्द जॅडझियाने पाळला. ती तीच व्यक्ती आहे की नाही याचा निर्णय न्यायालयाला करता आला नाही. तो तिने आपल्या वागण्याने केला.

१९९५ च्या एका भागात याची दुसरी बाजू येते. आधीच्या जन्मातल्या जोडीदाराशी नातं पुन्हा जोडायला ट्रिल समाजात सक्त मनाई आहे, मोडल्यास बहिष्कार. सगळं जुनं ओढत नेलं तर नवं आयुष्य जगायचं कधी, असा त्यामागचा विचार. आणि १९९८ मध्ये, सहावं पर्व संपताना फॅरेल मालिकेतून बाहेर पडल्यावर, हे सगळं कामाला आलं. निकोल डी बोअर हिची एझरी ही नववी यजमान आली. कप्तान सिस्को तिला लगेच 'म्हातारबा' म्हणून हाक मारतो, कर्झनपासून चालत आलेली हाक. आणि वॉर्फ? तो जॅडझियाचा नवरा. समोर एक अनोळखी, घाबरीघुबरी मुलगी आहे, तिला त्यांच्या संसारातलं सगळं आठवतं, आणि ती त्याची बायको नाही. वॉर्फ तिच्याकडे पाठ फिरवतो. प्रेक्षकालाही त्या क्षणी नेमकं हेच वाटत होतं. आवडती अभिनेत्री गेली म्हणून मनात असलेला राग मालिकेने एका पात्राच्या तोंडून बोलू दिला. त्यामुळे नंतर जेव्हा वॉर्फ निवळतो, तेव्हा प्रेक्षकालाही निवळायला जागा मिळते.

बाकीच्या काही उदाहरणांवर फार रेंगाळण्याचं कारण नाही. 'टर्मिनेटर'च्या जॉन कॉनरला १९९१, २००३, २००९ आणि २०१५ या चार चित्रपटांत चार वेगवेगळे नट मिळाले, टीव्हीवर पाचवा. मधूनमधून भूतकाळही पुसला गेला, त्यामुळे नाव सोडलं तर काहीच उरलं नाही. 'ऑल्टर्ड कार्बन'मध्ये शरीर बदलणं हीच मूळ कल्पना होती, तरी दुसऱ्या पर्वात पहिल्या नटाची ऊब आली नाही. 'मेट्रिक्स'मधल्या भविष्यवेत्त्या ओरॅकलची भूमिका करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये वारल्या. तिसऱ्या चित्रपटात मेरी अ‍ॅलिस आल्या, आणि ओरॅकलने केलेल्या एका निवडीची किंमत म्हणून जुनं रूप गेलं असं कथेत ओवलं गेलं. ते नेटकं होतं आणि हळुवारही. 'ब्लॅक पँथर'चे नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेल्यावर कर्त्यांनी ती भूमिका रिकामीच ठेवली आणि २०२२ च्या चित्रपटात शोकच मध्यवर्ती केला. पुष्कळ चाहत्यांना ते पटलं नाही, पात्र जिवंत ठेवायला हवं होतं असं ते आजही म्हणतात. मला दोन्ही बाजू समजतात. पण सहकाऱ्यांना दुसऱ्या कुणाला त्या नावाने हाक मारणं जमणार नसेल, तर ओळख पटवायची तरी कुणी?

आता तिसरी वाट. माणूस बदलायचा, पण चेहरा जुनाच ठेवायचा. 'बॅक टू द फ्यूचर'चा दुसरा भाग १९८९ चा. त्यात दोन भूमिकांचे नट बदलले. नायकाची मैत्रीण जेनिफर पहिल्या भागात क्लॉडिया वेल्सने केली होती; घरच्या आजारपणामुळे ती येऊ शकली नाही. एलिझाबेथ शू आली, पहिल्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग तिला घेऊन पुन्हा चित्रित केला, आणि प्रेक्षकाने दोन मिनिटांत ते पत्करलं. नायकाच्या वडिलांच्या भूमिकेतले क्रिस्पिन ग्लोव्हर यांचा मात्र करार जुळला नाही. तिथे जेफ्री वाइसमन यांना आणलं, पण ग्लोव्हर यांच्या चेहऱ्यावरून पहिल्या वेळी घेतलेले साचे वापरून त्यांना ग्लोव्हरसारखं केलं, उलटं टांगून दाखवलं, जुन्या चित्रपटातलं चित्रण मध्ये मिसळलं. ग्लोव्हर न्यायालयात गेले. प्रकरण तडजोडीने मिटलं, पण नटाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून असा वापरता येणार नाही, असे नियम अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने त्यानंतर आणले.

हेच द्वंद्व सत्तावीस वर्षांनी 'स्टार वॉर्स'च्या 'रोग वन'मध्ये दिसतं, तेही एकाच पडद्यावर. टार्किन या खलनायकाची मूळ भूमिका करणारे पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारले. २०१६ च्या या चित्रपटात टार्किनची भूमिका गाय हेन्री या नटाने केली आणि त्याच्या चेहऱ्यावर संगणकाने कुशिंग बसवले, त्यांच्या वारसांची परवानगी घेऊन. त्याच चित्रपटात मॉन मॉथ्मा आहे. १९८३ मध्ये ती कॅरोलाइन ब्लॅकिस्टन यांनी केली होती, मोजक्याच वाक्यांपुरती. इथे जेनेव्हिव्ह ओरायली आहेत, स्वतःच्या चेहऱ्याने. टार्किन बोलू लागला की डोळ्यांकडे लक्ष जातं आणि कथा सुटते. मॉथ्माबद्दल तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही. पुढे 'अँडोर' या मालिकेत ओरायलींना जागा मिळाली. २०२५ च्या पर्वात मुलीच्या लग्नात, जुन्या मित्राचा बळी आता जाणार आहे हे नुकतंच कळलेलं असताना, ती घोटामागून घोट घेत नाचत सुटते. १९८३ च्या चित्रपटात हेरांच्या बलिदानाची बातमी देताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जी खिन्नता होती, तिच्यामागे काय काय होतं ते या नाचात कळतं. मेलेल्याचा मुखवटा चढवलेल्या टार्किनबाबत असं काही घडण्याची शक्यताच नव्हती. तो मुखवटा फक्त आठवण करून देऊ शकतो. भूमिकेत भर घालू शकत नाही.

आणि तर्क निर्दोष असला तरी हे खटकतं, याचा दाखला २०२४ च्या 'एलियन : रोम्युलस'मध्ये आहे. १९७९ च्या चित्रपटात इयन होम यांनी यंत्रमानव केला होता. नव्या चित्रपटात त्याच जातीचा दुसरा यंत्रमानव आहे, म्हणजे चेहरा तोच असणं कथेच्या दृष्टीने अगदी रास्त. होम २०२० मध्ये वारले होते. कुटुंबाची संमती घेतली होती. तरी चित्रपटगृहात अस्वस्थता आली, टीका झाली. नियम पाळले गेले, पण आत कुणी नव्हतं.

२०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले तेव्हा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हा कळीचा मुद्दा होता, आणि करारात तो आला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्यावर अंतरिम मनाई केली. कायदा संमतीपुरतं पाहील, आणि ते अत्यावश्यक आहे. पण संमती असली तरी मी म्हणेन, जिवंत नट घ्या. तो वेगळा दिसेल, पहिले काही दिवस लोक नाकं मुरडतील. त्याला एक सूझन द्या, एक वॉर्फ द्या, एखादा डालेक द्या, आणि काम करू द्या.

३१ मे २०२५ ला 'डॉक्टर हू'च्या पर्वाचा शेवट झाला तेव्हा शूटी गटवा यांचा डॉक्टर प्रकाशात विरला आणि त्या जागी बिली पायपर दिसली. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा रोझ ही डॉक्टरची सोबतीण तिनेच केली होती, आणि डॉक्टरचा तिच्यावर जीव होता. श्रेयनामावलीत पायपरचं नाव आलं, पण इतरांच्या वेळी येतो तसा पुढे 'डॉक्टर' हा शब्द आला नाही. ती डॉक्टर आहे की आणखी कुणी, याचं स्पष्टीकरण लेखक देतील तेव्हा देतील, आणि ते चतुर असेल यात मला शंका नाही. रोझचा जुना हिशेब त्यात आला नाही, तर मला ते मान्य होणार नाही.